पंचविशीच्या आत केस चाललेत, ट्रान्सप्लांट करू का? आधी हे सगळं करून बघ

मी २३ वर्षांचा असताना पुण्यातल्या एका क्लिनिकमध्ये गेलो होतो, फ्री कन्सल्टेशन होतं म्हणून. ब्लेझर घातलेल्या एका मॅडमनी मोबाईलवर माझ्या डोक्याचे दोन फोटो काढले, स्केचपेनने कपाळावर एक रेघ ओढली, दहावीच्या हॉलतिकिटावर केस जिथून सुरू होतात बरोबर तिथे, आणि म्हणाल्या सर ३,००० ग्राफ्ट्स (मुळासकट काढून लावायचे केसांचे गुच्छ) लागतील, आज ५,००० भरले तर या महिन्याची ऑफर मिळेल, बाकीचे ईएमआय. डॉक्टर कुठे आहेत विचारलं तर ते ओटीमध्ये. मी कार्ड काढलंही होतं, पण ते बेसमेंट होतं आणि ओटीपी काही येईना. मी नेटवर्क शोधत जिना चढून रस्त्यावर आलो आणि तिथून तसाच घरी गेलो, परत आत जायचं धाडसच झालं नाही.

पुढे ६ वर्षांनी, २९ व्या वर्षी, मी दुसरीकडे ट्रान्सप्लांट केलं. १,९०० ग्राफ्ट्स. मस्त झालंय, त्यामुळे हा लेख ट्रान्सप्लांटच्या विरोधात नाहीये. पण २३ व्या वर्षी केलं असतं तर आज माझ्या डोक्याचं काय झालं असतं हे मला आता कळतं, कारण माझ्या हॉस्टेलच्या रूममेटने २२ व्या वर्षी केलं होतं. त्याचं काय झालं ते पुढे येईलच. मी डॉक्टर नाही, पण या विषयात वर्षं घालवलीत आणि चार डर्मॅटोलॉजिस्टची, म्हणजे त्वचेच्या डॉक्टरांची, डोकी खाल्लीत.

पहिली पायरी: केस नेमके कशामुळे जातायत ते बघ

हिंजवडीत राहायला आलेला प्रत्येक मुलगा टँकरच्या पाण्याला शिव्या देतो, मीही दिल्यात. पाण्याने केस राठ होतात, कोरडे होतात, तुटतात, पण कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकणं आणि भोवऱ्याजवळ गोल विरळ होणं हे पाण्याचं काम नाही. हेल्मेटचंही नाही, जेलचंही नाही. हे आनुवंशिक टक्कल असतं. शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं हार्मोन बनतं, डोक्याच्या पुढच्या आणि वरच्या भागातली केसांची मुळं त्याला संवेदनशील असतात, आणि केस एकदम न गळता दर फेरीला आधीपेक्षा बारीक, आखूड उगवतात, शेवटी नुसती लव उरते. म्हणून बाथरूमच्या जाळीत अडकलेले केस मोजण्यात अर्थ नाही, केस बारीक होतायत का ते बघायचं.

पण प्रत्येक केसगळती ही नसते, आणि इथेच पोरं फसतात. डेंग्यू, टायफॉइड, कोविड, मोठं ऑपरेशन किंवा जिमच्या नादात केलेलं कडक डाएट, यानंतर साधारण २-३ महिन्यांनी सगळ्या डोक्यावरून मूठमूठ केस गळतात. घाबरायला होतं पण बहुतेकांचे ते आपोआप परत येतात, त्यात ट्रान्सप्लांटचा काही संबंध नाही. एकाच ठिकाणी नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई, तो इम्युनिटीचा मामला, वेगळा उपचार. थायरॉइड बिघडलं, लोह कमी झालं तरी गळतात. आणि २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत काय झालं आठवतंय ना, लोकांना काही दिवसांत टक्कल पडत होतं, आधी सगळ्यांनी पाण्याला दोष दिला, आणि मग महाडचे विंचूदंशवाले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासून रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. सांगायचा मुद्दा, कारण डोळ्यांनी बघून कळत नाही.

म्हणून एमडी डर्मॅटोलॉजिस्टकडे जा, ट्रान्सप्लांट क्लिनिकमध्ये नाही. साधी तपासणीची फी दे. डर्मोस्कोप म्हणजे भिंगासारखं यंत्र लावून बघतील, बारीक आणि जाड केसांची सरमिसळ दिसली की आनुवंशिक टक्कल ओळखू येतं. गरज वाटली तर रक्त तपासतील. केसांसाठी बायोटिन या व्हिटॅमिनच्या गोळ्या खात असशील तर ते आधी सांग, बायोटिनमुळे थायरॉइडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात, आणि हल्ली निम्मी पोरं ते गमीज चॉकलेटसारखे खातात.

दुसरी पायरी: हे कुठपर्यंत जाणार याचा अंदाज घे

टक्कल किती पडलंय ते मोजायला डॉक्टर लोक हॅमिल्टन-नॉरवुड नावाचं स्केल वापरतात, १ ते ७. २ म्हणजे कोपरे थोडे मागे गेलेत, ३ म्हणजे आत खोल शिरलेत, ७ म्हणजे कानापासून कानापर्यंत मागे फक्त एक पट्टा उरलाय. आज तू ३ वर आहेस हे महत्त्वाचं आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ४५ व्या वर्षी तू कुठे असशील, आणि ते २२ व्या वर्षी कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. सगळा घोळ या एका गोष्टीत आहे.

आजोळच्या आजोबांवर जातं म्हणतात, ते अर्धवट खरं. एक मोठा जीन आईकडून येतो हे बरोबर, पण बाकी पुष्कळ जीन दोन्हीकडून येतात. म्हणून पुढच्या लग्नात किंवा गणपतीला सगळे जमले की वडील, काका, मामा, दोन्ही आजोबा, सगळ्यांची डोकी नीट बघून घे. जुने अल्बम काढ, कोणाचे कितव्या वर्षी गेले ते आईला विचार, तिला बरोबर माहीत असतं. माझे दोन मामा पूर्ण ६ नंबरवर, आणि वडिलांचे केस ६० ला पण दाट, त्यामुळे मी उगाच निवांत होतो.

आणि आजपासून फोटो काढायला लाग. दर महिन्याच्या १ तारखेला, त्याच बाथरूममध्ये, त्याच दिव्याखाली, केस कोरडे, समोरून, दोन्ही बाजूंनी, वरून आणि मागून. मागून पण, ते का ते पुढच्या पायरीत.

तिसरी पायरी: मागचा तरवा मोज

कोकणातला किंवा मावळातला असशील तर हे लगेच कळेल. भाताची लावणी करताना तरवा, म्हणजे भाताची रोपं, जेवढा केलाय तेवढीच खाचरं भरतात, तरवा संपला की लावणी थांबली. ट्रान्सप्लांटमध्ये नवीन केस तयार होत नाहीत, डोक्याच्या मागचे आणि बाजूचे काढून पुढे लावतात. मागची मुळं डीएचटीला दाद देत नाहीत, आणि ती पुढे लावली तरी त्यांचा स्वभाव बदलत नाही, हे न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक या डॉक्टरने १९५९ साली मांडलं आणि आजही सगळा धंदा त्याच तत्त्वावर चालतो. पण मागून काढलेलं मूळ तिथे परत उगवत नाही. तरवा एकदाच होतो, पुढच्या पावसाळ्यात नवा मिळत नाही.

आता हिशेब कर. एक ग्राफ्ट म्हणजे १ ते ४ केसांचा नैसर्गिक गुच्छ, सरासरी २ च्या आसपास. नैसर्गिक दाट डोक्यावर एका चौरस सेंटिमीटरला ८० ते १०० गुच्छ असतात, ट्रान्सप्लांटमध्ये ३५ ते ५० लावले तरी डोळ्याला भरलेलं वाटतं. पुढचा तिसरा हिस्सा साधारण ५० चौरस सेंटिमीटर धर, ४० च्या हिशेबाने २,००० ग्राफ्ट्स झाले. पण ६-७ नंबरचं टक्कल म्हणजे २०० च्या आसपास चौरस सेंटिमीटर, तिथे लागतील ८,०००, आणि बहुतेकांच्या मागून आयुष्यभरात सुरक्षितपणे निघतात ५,००० ते ६,०००, कोणाचे थोडे जास्त, कोणाचे बरेच कमी. हिशेब बसतच नाही, पूर्ण टक्कल पूर्ण दाट करणं बहुतेकांच्या बाबतीत शक्यच नसतं.

माझ्या रूममेटचं हेच झालं. २२ व्या वर्षी त्याने कपाळावर एकदम खाली, लहान मुलासारखी सरळ रेघ घेतली, ३,००० ग्राफ्ट्स तिथेच ओतले. वर्षभर हिरो होता, आम्ही जळायचो त्याच्यावर. लावलेले केस पक्के होते, ते जाणार नव्हते, पण त्यांच्या मागचे त्याचे स्वतःचे केस जात राहिले, औषध त्याने कधी घेतलंच नाही. २८ पर्यंत पुढे केसांची दाट पट्टी, तिच्यामागे मोकळं मैदान, मग परत कडेचे केस. मागे आता काढायला फारसं उरलेलं नाही, आणि जिथून काढलेत तिथे केस बारीक कापले की उंदराने कुरतडल्यासारखं दिसतं. तो आता टोपीशिवाय बाहेर पडत नाही. नुसतं टक्कल असतं तर चाललं असतं, असं तो स्वतः म्हणतो.

फुटबॉलर वेन रूनीचं उदाहरण सगळ्यांना माहितीये, २०११ मध्ये २५ व्या वर्षी केलं आणि ट्विटरवर सांगूनही टाकलं, पण दोन वर्षांत, २०१३ मध्ये, त्याला परत करावं लागलं हे कोणी सांगत नाही. पैसा असून.

म्हणून डॉक्टरला स्पष्ट विचार, माझी मागची डेन्सिटी किती, तिथे पण केस बारीक व्हायला लागलेत का. काही जणांचे मागचे केसही विरळ होत असतात, तसं असेल तर लावलेलेही पुढे जाऊन गळतात. त्यांनी ट्रान्सप्लांटचा नाद सोडायचा, विषय संपला.

चौथी पायरी: वर्षभर औषध

ही पायरी सगळे गाळतात आणि खरं तर हीच सगळ्यात मोठी आहे. बऱ्याच पोरांचं अर्धं काम औषधावर भागतं आणि ट्रान्सप्लांट एकतर लागत नाही नाहीतर पुढे ढकलता येतं, आणि पुढे ढकललेलं प्रत्येक वर्ष तुझ्या फायद्याचं, कारण तेवढं चित्र स्पष्ट होतं.

औषधं मुख्य दोन. मिनॉक्सिडिल, हे मुळात ब्लडप्रेशरचं औषध, पेशंटना अंगभर केस यायला लागले तेव्हा लक्षात आलं. ५ टक्क्यांचं लिक्विड किंवा फोम डोक्याला लावायचं, रोज. पहिल्या एक-दोन महिन्यांत केस उलट जास्त गळतात, तेव्हा ९० टक्के पोरं घाबरून सोडतात (हा माझा अंदाज, सर्व्हे नाही). फरक कळायला ४ ते ६ महिने. बंद केलं की आलेले जातात. घरात मांजर असेल तर जपून, मांजरांना हे विषारी आहे, डोकं उशीवर आणि मांजर उशीवर असलं चालणार नाही.

दुसरं फिनास्टेराइड, १ मिलिग्रॅमची गोळी, डीएचटी कमी करते. अमेरिकेच्या एफडीएने १९९७ मध्ये टकलासाठी मान्य केली. गळती थांबवण्यात हीच खरी गोळी, आणि हिच्याबद्दलच सगळ्यात जास्त भीती. चाचण्यांमध्ये १०० त साधारण ४ जणांना लैंगिक तक्रारी आल्या, इच्छा कमी होणं, ताठरता कमी, आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांतही २ जणांना आल्या होत्या. बहुतेकांचं गोळी बंद केल्यावर ठीक होतं, काहींनी नंतरही त्रास राहिल्याचं सांगितलंय. मूडवर परिणाम होऊ शकतो, २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने आत्महत्येचे विचार हा तिचा साइड इफेक्ट म्हणून पक्का केला. डिप्रेशनची हिस्टरी असेल किंवा लग्न झालंय आणि मूल हवंय तर डॉक्टरला हे आधी सांग, लाजू नको. फुटलेल्या गोळीला गरोदर बाईने हात लावायचा नाही. आणि मित्राच्या प्रिस्क्रिप्शनवर मेडिकलमधून आणून खायची ही गोळी नाही.

मला स्वतःला काही झालं नाही, पण माझ्या एका कलीगला दोन महिन्यांत त्रास झाला, त्याने बंद केली आणि ठीक झाला. दोन्ही खरं आहे.

पीआरपी, म्हणजे आपलंच रक्त फिरवून डोक्यात टोचतात, कोणाला थोडा फरक पडतो कोणाला नाही, पॅकेज महाग, दुखतं. कांद्याचा रस लावून मी दोन महिने वास मारत फिरलो, त्यावर अजून काही बोलायला नको.

वर्षानंतर १२ फोटो एका ओळीत लाव. गळती थांबलीय, केस टिकलेत, तरी कोपरे मोकळे आहेत आणि ते खुपतंय, तर तू ट्रान्सप्लांटचा विचार करायला योग्य उमेदवार. अजून भराभर जातायत, तर थांब. वय २५ च्या आत असेल तर चांगला सर्जन स्वतःच थांब म्हणतो, आणि जो लगेच तारीख देतो त्याच्यापासून लांब राहा.

पाचवी पायरी: एकदा गोटा करून बघ

सिरियसली. झिरो किंवा एक नंबरची मशीन फिरव, दाढी ठेव, महिनाभर तसाच राहा. आपल्याकडे प्रॉब्लेम एवढाच की गोटा केला की सोसायटीतल्या काकू हळू आवाजात विचारतात, घरी सगळं ठीक ना? मी सरळ तिरुपतीला जाऊन आलो सांगायचो, दोघींनी प्रसाद मागितला. पण त्या महिन्यात मला कळलं की मला टकलाचा त्रास कमी आणि लपवण्याचा त्रास जास्त होतो, पंख्याखाली बसायचं नाही, पावसात भिजायचं नाही, फोटोत मागे उभं राहायचं. काही मित्र गोट्यावरच थांबले, त्यांना तो शोभतो, खर्च शून्य.

लग्नाचं प्रेशर हे खरं कारण असतं बऱ्याचदा. बायोडेटावरचा फोटो तीन वर्षं जुना, कांदेपोह्याला गेल्यावर मुलीच्या आईची नजर थेट कपाळावर, हे सगळं मी भोगलंय. त्या भरात निर्णय घेऊ नको. नकार आला त्याच आठवड्यात तर नकोच. आणि आरशासमोर दिवसाचे तास जात असतील, बाहेर जाणंच बंद झालं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञाशी बोल, कारण तसं असेल तर ट्रान्सप्लांट झाल्यावरही मन भरत नाही, रेघ मिलिमीटरने चुकली असं वाटत राहतं.

सहावी पायरी: कोण करणार ते बघ

मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका ४३ वर्षांच्या व्यावसायिकाचा ट्रान्सप्लांटनंतर मृत्यू झाला, एका बैठकीत ९,००० च्या वर ग्राफ्ट्स लावल्याचं तेव्हा पेपरात आलं होतं. २०२५ मध्ये कानपूरचं प्रकरण आलं, दोन इंजिनिअर गेले आणि ट्रान्सप्लांट करणारी डॉक्टर डेंटिस्ट असल्याचा आरोप झाला. असं क्वचित होतं, पण ही सर्जरी आहे, फेशियल नाही. भुलीच्या औषधाला पण डोसची मर्यादा असते, म्हणून एका दिवसात अचाट आकडा सांगणाऱ्याला नाही म्हणायचं.

नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की हे काम सर्जरीचं रीतसर ट्रेनिंग असलेल्या डॉक्टरने करायचं, म्हणजे एमसीएच किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जन, एमडी किंवा डीएनबी डर्मॅटोलॉजिस्ट वगैरे, वर्कशॉप किंवा यूट्यूब बघून शिकलेलं चालणार नाही. तेव्हा डॉक्टरचं पूर्ण नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर माग, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर टाकून बघ. पाच मिनिटांचं काम आहे.

मग समोर बसून विचार: सुया टोचून मुळं काढणार कोण, खाचा पाडणार कोण, लावणार कोण? टेक्निशियन मदत करतात ते सगळीकडेच, पण डॉक्टर भूल देऊन शेजारच्या रूममधल्या पेशंटकडे जाणार असेल तर उठायचं. त्या दिवशी किती पेशंट घेता? इमर्जन्सीची काय सोय, ऑक्सिजन आहे का, भूलतज्ज्ञ बोलावता येतो का? माझ्या वयाचे, ५ वर्षांपूर्वी केलेले पेशंट दाखवाल का? सहा महिन्यांचे फोटो सगळेच दाखवतात. आणि शेवटचा माझा आवडता प्रश्न, मी ६ नंबरवर गेलो तर तुमचा प्लॅन काय? माझ्या डॉक्टरांनी यावर कागद घेतला आणि माझी रेघ त्या मॅडमच्या रेघेपेक्षा दीड-दोन सेंटिमीटर वर काढली, म्हणाले पन्नाशीत पण शोभली पाहिजे, आणि २,५०० ग्राफ्ट्स शिल्लक ठेवतोय. तिथेच मी हो म्हटलं.

नावांना भुलू नको. पद्धती मुळात दोन, एफयूटी म्हणजे मागून कातड्याची पट्टी काढून शिवतात, तिचा आडवा व्रण राहतो, आणि एफयूई म्हणजे एकेक मूळ काढतात, बारीक ठिपके राहतात. सफायर म्हणजे खाच पाडायच्या ब्लेडचं मटेरियल, डीएचआय म्हणजे लावायचं पेन. त्यासाठी दुप्पट पैसे मागत असतील तर ते ब्रोशरचे पैसे. इस्तंबूलचं हॉटेलसकट पॅकेज स्वस्त वाटतं, पण दोन महिन्यांनी पू झाला तर दाखवायला कुठे जाणार?

सातवी पायरी: पैसे आणि कॅलेंडर

मला मिळालेले भाव ग्राफ्टमागे ३५ ते १०० रुपये होते, शहर आणि डॉक्टर बघून. त्यावर १८ टक्के जीएसटी, हेअर ट्रान्सप्लांट आरोग्यसेवेच्या सवलतीत बसत नाही. मेडिक्लेम पण नाही. कोटेशन ग्राफ्टमध्ये आहे की केसांमध्ये ते बघ, ४,००० केस म्हणजे २,००० ग्राफ्ट्स, इथे मस्त टोपी घालतात. आणि औषधं पुढेही चालू, तो महिन्याचा खर्च धर. कर्ज काढून करू नकोस, वर्षभर औषधावर थांबायचंच आहे तर तेवढ्यात आरडी होते.

तुळशीच्या लग्नानंतर तुझं लग्न असेल तर ट्रान्सप्लांट आदल्या दिवाळीलाच झालेलं पाहिजे. लावलेले केस २ ते ४ आठवड्यांत गळून पडतात, मुळं आत राहतात. ३-४ महिन्यांनी कोंब येतात, वर्षभराने खरा रिझल्ट, भोवऱ्याला दीड वर्षही लागतं. मधल्या काळात तू आधीपेक्षा वाईट दिसतोस, हे कोणी सांगत नाही.

आठवी पायरी: झाल्यावर

ऑपरेशनच्या दिवशी दिवसभर पडून राहायचं, भुलीच्या सुया दुखतात, बाकी कंटाळा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळ सुजून डोळ्यांपर्यंत येतं, माझी आई बघून रडली होती, सूज दोन दिवसांत उतरली. डोकं उंच ठेवून झोपायचं, सांगितलेला स्प्रे मारायचा, खपल्या ७ ते १० दिवसांत पडतात, नखाने काढायच्या नाहीत. ऑफिसला १०-१२ दिवस सुट्टी टाक. हेल्मेटचा प्रश्न आधी सोडव, डॉक्टर २-३ आठवडे नाही म्हणतात आणि पुण्यात टू-व्हीलरशिवाय आपलं पान हलत नाही, मी पीएमपीच्या बसने गेलो. हेल्मेट न घालता गाडी चालवायचा पर्याय नाही, नुसते केस वाचवून काय करतोस. जिम, स्विमिंग महिनाभर बंद, आणि पू, ताप, वाढत जाणारं दुखणं असेल तर व्हॉट्सॲपवर फोटो पाठवत बसू नको, थेट जाऊन दाखव.

आणि महिन्याच्या १ तारखेचे फोटो चालूच ठेव. मी अजून काढतो, मागचा पण.